टेप संपेपर्यंत वाजू द्या

आई गेल्या मार्गशीर्षात गेली. तिचा आवाज मात्र पाच वर्षं आधीच गेला होता. 2019 मध्ये तिला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. त्यानंतर तिच्याकडे दोनच शब्द उरले, ‘हं’ आणि ‘नको’. तेवढ्यावर ती सगळं भागवायची. तेराव्याला मावशी, काकू, माहेरची माणसं पडवीत बसून तिच्या गोष्टी सांगत होती. ती अशी म्हणायची, ती तशी म्हणायची. आणि मला प्रत्येक वाक्य सांगणाऱ्याच्याच आवाजात ऐकू येत होतं. आईचे हात आठवत होते, पदर खोचायची पद्धत आठवत होती, पण डोळे मिटून कितीही प्रयत्न केला तरी आवाज काही येईना. त्या दिवशी मी घाबरले.

हे आधी सांगतेय, कारण पुण्यातल्या या कॅसेटी डिजिटल करून देणाऱ्या दुकानात मी कशासाठी गेले ते कळल्याशिवाय इथल्या कामाचं मोल सांगता येणार नाही.

बाबा 1982 ते 1990 मस्कतला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. आमचं गाव गुहागर तालुक्यात. तेव्हा गावात फोन नव्हता, पत्राला पंधरा-वीस दिवस लागत, आणि आईला लिहायला आवडत नसे. चौथीपर्यंत शिकली होती, लिहिता येत होतं, पण ‘कागद समोर आला की शब्द आखडतात’ म्हणायची. बाबांनी पहिल्याच सुट्टीत नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) आणला आणि आमच्या घरची पत्रं कॅसेटवर सुरू झाली. पंचक्रोशीतलं कुणी ना कुणी मस्कतला, कुवेतला, दुबईला जात असायचं. त्याच्या बॅगेतून इकडची कॅसेट तिकडे, तिकडची इकडे. माणूस आखातात असलेल्या कोकणातल्या कितीतरी घरांत तेव्हा हीच रीत होती.

बाबा 2011 साली गेले. आईच्या कपाटात तळाला निडोचा डबा होता, त्यात अकरा कॅसेटी निघाल्या. सहा सी-60 म्हणजे तासाभराच्या, चार सी-90 म्हणजे दीड तासाच्या, आणि एक भजनांची विकतची, जिच्या मागची, रेकॉर्डिंग अडवणारी खाच कागदाच्या बोळ्याने बुजवून बाबांनी तिच्यावर आपलं बोलणं भरलं होतं. लेबलांवर आईच्या अक्षरात तारीख नाही, गाव नाही. एका बाजूला ‘हे’, एका बाजूला ‘मी’. ‘हे’ म्हणजे बाबांची बाजू.

त्यातल्या दोन कॅसेटी मी आधी दुसरीकडे दिल्या होत्या. कुठे ते लिहीत नाही. चार दिवसांत मोबाइलवर फायली आल्या, आणि मी त्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लावल्या. आवाज स्वच्छ होता. मागची खरखर नव्हती, पाऊस नव्हता, कोंबड्या नव्हत्या, आणि आई पाण्याखालून बोलावं तशी बोलत होती. ‘स’ आणि ‘श’ तर जवळजवळ पुसलेच होते. मला वाटलं, टेपच खराब झाली असणार, आता एवढंच उरलं. दोन महिने मी डबा परत उघडला नाही. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने त्याच्या वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेटी इथे करून घेतल्या होत्या, त्याने पत्ता दिला म्हणून आले.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या गर्दीतून आत शिरायचं, दुसरा मजला, लाकडी जिना. दुकान चालवणारे काका आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. टेपरेकॉर्डर संपले, तसे ते कॅसेटींवरचं डिजिटल करून द्यायला लागले. खोलीत चार डेक (कॅसेट वाजवायची मशीनं), एक संगणक, आणि जुन्या कॅसेटींची रिकामी प्लास्टिकची खोकी, ढीगच्या ढीग. ती कशासाठी ते मला नंतर कळलं.

पहिल्या दिवशी त्यांनी एकही कॅसेट वाजवली नाही. मला ते विचित्र वाटलं. प्रत्येक कॅसेट उजेडात धरून तिच्या खिडकीतून टेपची गुंडाळी बघितली. तीन कॅसेटींत कडेला पांढरी बुरशी होती; कोकणातल्या दमट हवेत हे होतंच म्हणाले. ती मशीनमध्ये घातली तर डोक्यावर, म्हणजे ज्या हेडवरून टेप सरकते त्याच्यावर, बसते आणि मग पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. म्हणून आधी बाहेर सफाई. दोन कॅसेटींत टेपला मागून दाबून धरणारा लोकराचा बारीक तुकडा गळून पडला होता. गोंद वाळला की तो पडतो, आणि तो नसला की आवाज जवळ-लांब होत राहतो. चार सी-90 त्यांनी वेगळ्या ठेवल्या. तासाभराच्या कॅसेटपेक्षा दीड तासाच्या कॅसेटची टेप पातळ असते, ती ताणली जाते, गुंततेही लवकर. ‘ताई, तुम्ही घरी लावून बघितल्यात का?’ त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘बरं केलंत.’ घरातला तीस वर्षं बंद असलेला टेप काढून त्यात पहिल्यांदा नेमकी तीच कॅसेट घालणारी माणसं त्यांनी फार पाहिली आहेत. ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांनी हे एवढं तरी ऐकावं.

एका कॅसेटची टेप तुटली होती. बाबांनी तेव्हा साध्या चिकटपट्टीने जोडलेली. तिचा गोंद पसरून पुढचे-मागचे वेढे चिकटले होते. काकांनी ते सोडवून, तेवढा भाग कापून, जोडकामाच्या खास पट्टीने पाठीकडून जोडलं. किती गेलं? दोन सेकंदांहून कमी, म्हणाले. मला त्या दोन सेकंदांचंही वाईट वाटलं, आणि ते त्यांना कळलं असावं, कारण कापलेला तो तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

आता आवाजाबद्दल. आधीच्या ठिकाणी गेलेले ‘स’ आणि ‘श’ इथे परत आले. कसे, ते काकांनी मला शेजारी बसवून दाखवलं. प्रत्येक टेपरेकॉर्डरचं हेड केसभर तिरकं असतं, आमच्या पॅनासॉनिकचंही होतं. ज्या कोनात आवाज भरला गेला, त्याच कोनात तो वाचायला हवा, नाहीतर बारीक, टोकदार आवाज हरवतात. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. काका डोळे मिटून तो पाव-पाव फेरा फिरवत होते. आई म्हणत होती, ‘शेणी थापून झाल्या, शिंपणं पण झालं.’ स्क्रू फिरला तसं ते घोगरं ‘शेणी’ उजळत गेलं, आणि एका क्षणी आई खोलीत बोलायला लागली. मला दुसरा शब्द सुचत नाही. पाच वर्षं आणि काही महिन्यांनी मी तिला वाक्य बोलताना ऐकलं. काकांनी टेप थांबवली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पाण्याचा तांब्या फक्त माझ्या बाजूला सरकवला.

खरखर त्यांनी काढली नाही. म्हणजे विचारलं. दोन फायली देतो म्हणाले, एक जशी आहे तशी आणि एक जरा साफ केलेली. साफ केलेलीसुद्धा त्यांनी हात राखून केली आहे. तिच्यातही कौलांवरचा पाऊस आहे, रहाटाचं कुरकुरणं आहे, आजीचा खोकला आहे. मला तर आता जशी आहे तशीच ऐकायची सवय झाली आहे. आई बोलता बोलता मध्येच बटण दाबून बंद करायची. खट् असा आवाज, मग परत खट्, आणि पुढचं वाक्य वेगळ्याच गळ्यातून, जरा जास्त मोठ्याने. ‘हां, तर काय सांगत होते.’ त्या दोन खटांच्या मध्ये काय झालं हे लहानपणी मला कळत नव्हतं. मी तिथेच, तिच्या मांडीला टेकून बसलेली असायची. काकांनी विचारलं, हे आवाज काढू का? मी नको म्हटलं.

अजून एक गोष्ट मी इथेच शिकले. टेपचे वेढे वर्षानुवर्षं एकमेकांना लागून राहिले की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हलकं उमटतं. त्यामुळे जिथे शांतता असते तिथे पुढचा शब्द आधीच, अगदी बारीक, ऐकू येतो. आईच्या प्रत्येक बाजूची सुरुवात ‘अहो, ऐकताय ना’ अशी आहे. हेडफोन लावून ऐकलं तर खऱ्या ‘अहो’च्या दोनेक सेकंद आधी लांबून एक ‘अहो’ येतो. काकांच्या लेखी तो टेपचा दोष. त्यांनी तो तसाच ठेवला आहे.

सगळ्यात मोठं काम वेगाचं होतं. गावात वीज सारखी जायची, म्हणून आई पुष्कळदा सेलवर रेकॉर्ड करायची. सेल उतरले की मशीन हळू चालतं, आणि हळू भरलेली टेप नीट वेगाच्या डेकवर लावली की आवाज चढा आणि घाईचा येतो. दोन बाजूंवर आई शाळकरी मुलीसारखी ऐकू येत होती. विजेवर भरलेल्या बाजू काकांनी लगेच सरळ केल्या, कारण मागे विजेची बारीक गुणगुण असते, ती सेकंदाला 50 आवर्तनांची, तिच्यावरून वेग कळतो. सेलवरच्या बाजूंना ती गुणगुण नाही. काका म्हणाले, ‘तुम्ही सांगा, कुठे थांबू?’ आणि मला सांगता येईना. हेच तर मला आठवत नव्हतं! मावशीला फोन लावला, तिला ऐकवलं. ती नुसती रडायला लागली, तिचाही उपयोग होईना.

त्यातल्या एका बाजूवर गणपतीतलं भजन होतं. आमच्या घरची पेटी, काकांची बुवागिरी, टाळ. (काका म्हणजे माझे चुलते, दुकानातले नव्हेत.) त्या पेटीची काळी दोन दाबली की स्वराबरोबर एक भरभर यायची, पट्टीत काहीतरी सैल होतं. टेपवर ती भरभर स्पष्ट ऐकू येत होती. दुकानातल्या काकांनी विचारलं, ‘पेटी आहे अजून?’ पेटी गावच्या घरी आहे, दर गणपतीत वाजते. चुलतभावाने रात्री काळी दोन धरून मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवली. अजून तशीच भरभरते. काकांनी दोन्ही स्वर शेजारी ठेवले. टेप पाच टक्क्यांच्या आसपास जास्त वेगाने चालत होती. इतक्या वर्षांत पेटीचा सूर थोडाफार इकडेतिकडे झाला असेल हे त्यांनीच सांगितलं, पण त्याने फारसा फरक पडत नाही. तेवढा वेग कमी केला आणि भजन संपल्यावर आई बोलली, ‘पोरं झोपली आता.’ ती आईच होती. मला शंका राहिली नाही. जे मला आठवत नव्हतं ते ऐकल्याबरोबर ओळखू आलं.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते.

कॅसेट महाग होती, शिवाय वाया घालवणं आईच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे तीच कॅसेट फिरत राहायची. आईने भरून पाठवली की बाबा ऐकायचे आणि तिच्यावरच आपलं उत्तर भरून परत पाठवायचे. म्हणजे ‘हे’ लिहिलेली प्रत्येक बाजू ही पुसलेली आई. पुसलेलं परत काढता येत नाही, काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, त्याबद्दल कसलीच आशा लावली नाही. पण त्यांची एक पद्धत आहे. ते कुठलीही बाजू मध्ये बंद करत नाहीत. बोलणं संपलं, शांतता आली, तरी टेप शेवटपर्यंत वाजू देतात. तासाच्या कॅसेटला तास लागतोच, यात घाई करता येत नाही, असं त्यांच्या भिंतीवर लिहिलेलंच आहे.

आधीच्या ठिकाणच्या एका फाईलमध्ये बाबांचं बोलणं एकोणीस मिनिटांवर संपत होतं. ‘बरं, ठेवतो आता. आईला नमस्कार सांग.’ खट्. फाईल तिथे बंद. तीच कॅसेट, तीच बाजू इथे एकोणीस मिनिटांच्या पुढे चालू राहिली. दोन सेकंद काही नाही, आणि मग मधूनच, अर्ध्या वाक्यापासून, आई. बाबांचं उत्तर तिच्या बोलण्यापेक्षा लहान होतं, म्हणून शेपटाची ती अकरा मिनिटं पुसली गेली नव्हती. काकांनी मला रात्री नऊला फोन केला. ‘ताई, उद्या या. फोनवर नाही ऐकवत.’

अकरा मिनिटांत काय आहे? भाऊ चालायला लागला ते आहे. मला ताप आला होता, डॉक्टरने तालुक्याला न्यायला सांगितलं, पण उतरला. आजीचा गुडघा. कलमांना यंदा मोहर कमी. गाय व्यायली, पाडा झाला. अमक्याचे पैसे दिले, तमक्याचे राहिलेत. मध्ये मी येऊन एक कविता म्हणते, विसरते, आई मागून शब्द पुरवते. आणि शेवटी, टेप संपत आलीय हे कॅसेटच्या खिडकीतून बघत असावी, ती घाईघाईने म्हणते, ‘हे ऐकून झालं की यावरच बोला हं. नवीन घेत बसू नका. माझं काय, तेच तेच असतं.’ आणि टेप संपते.

त्या दिवशी मी काकांच्या खोलीत पुष्कळ वेळ बसून होते. बाबांनी तिचं ऐकलं होतं, यावरच बोलले होते. फक्त बाबा कमी बोलायचे.

एकूण अकरा कॅसेटींपैकी तीन बाजूंच्या शेवटी अशी शेपटं मिळाली. ही अकरा मिनिटं, एक चार मिनिटांचं, आणि एक जेमतेम चाळीस सेकंदांचं, ज्यात आई कुणाला तरी ‘कोंबडं हाकल गो’ म्हणते.

व्यवहाराचंही सांगायला हवं. मला सी-60 ला 450 आणि सी-90 ला 600 रुपये पडले, बुरशी काढणं आणि जोडकाम वेगळं. आधीच्या ठिकाणच्या दुपटीहून जास्त. वेळ सात आठवडे लागला. ज्यांना वर्षश्राद्धाला फायली हव्यात त्यांनी तीन महिने आधी यावं. फायली डब्ल्यूएव्ही, म्हणजे पूर्ण दर्जाच्या मिळतात, तासाला साधारण एक जीबी, शिवाय मोबाइलवर पाठवायला लहान एमपी3. डब्ल्यूएव्हीच जपून ठेवा, हे काका दहा वेळा सांगतात, आणि एकाच पेनड्राइव्हवर विसंबू नका हेही. मी एक प्रत भावाकडे आणि एक मावशीकडे ठेवली आहे. काका प्रत्येक बाजूची अनुक्रमणिका हाताने लिहून देतात, कितव्या मिनिटाला कोण बोलतंय ती. ती वही बघून माझा मुलगा थेट चौदाव्या मिनिटाला जातो, जिथे आजी त्याच्या मामाला ओरडते.

तक्रार दोन गोष्टींची आहे. पावतीवर कॅसेटींची संख्या असते, पण कुठली कुठली ते नसतं. माझ्या दोन कॅसेटींची नावं फायलींवर अदलाबदल झाली होती, ती मी सांगितल्यावर बदलून मिळाली. दुसरं म्हणजे जिना. माझ्या मावशीला यायचं होतं, सत्तरी उलटलेली, तिला चढवणं शक्य झालं नाही. खाली बसायला जागा नाही. अशा कामासाठी येणारी बरीच माणसं म्हातारीच असणार, काकांनी काहीतरी सोय करावी असं मनापासून वाटतं.

रिकामी खोकी कशाला ते राहिलंच. ज्या कॅसेटींचं खोकं स्क्रूचं नसून चिकटवलेलं असतं ते फोडावं लागतं, आणि टेप दुसऱ्या खोक्यात चढवावी लागते. आमच्या तीन कॅसेटी अशा दुसऱ्यांच्या खोक्यांत परत आल्या. आईच्या अक्षरातली लेबलं काकांनी वाफेवर सोडवून नव्या खोक्यांना लावून दिली. मी सांगितलं नव्हतं.

बारावी कॅसेट अजून त्यांच्याकडे आहे. ती मावशीच्या चिपळूणच्या घरी होती, कारण तिच्यावर दोघी बहिणी मिळून बोलल्या आहेत. 22 जुलै 2021 च्या पुरात तिचं घर छातीभर पाण्यात होतं. कॅसेट चिखलातून निघाली आणि मावशीने धुऊन उन्हात वाळवली, जे करायला नको होतं असं आता कळतं. ओलीच ठेवून लगेच कुणाकडे तरी द्यायला हवी होती. वेढे एकमेकांना चिकटून वीट झालीय. काकांनी आगाऊ पैसे घेतलेले नाहीत आणि शब्दही दिलेला नाही. रोज थोडी थोडी सोडवून बघतो, म्हणाले. मावशी दर रविवारी मला फोन करते, सुटली का म्हणून.